समुद्रापासून दूर प्रवाळ : गृहजलालयाचा इतिहास आणि वर्धा जिल्ह्याची कसोटी

प्रवाळभित्तीचा लहानसा तुकडा घराच्या चार भिंतींत जिवंत ठेवता येईल काय, हा प्रश्न ज्या काळी प्रथम विचारला गेला त्या काळी तो मुख्यतः अंतराचा प्रश्न होता. समुद्र जवळ असेल तेथे पाणी बदलता येते. दूर असेल तेथे पाणी टिकवावे लागते. गेल्या सुमारे पावणेदोनशे वर्षांतील प्रवाळजलालयाचा इतिहास म्हणजे या दुसऱ्या मार्गाचा इतिहास होय. त्याची कसोटी पाहावयाची तर किनाऱ्यावरील नगरापेक्षा वर्धा जिल्ह्यासारखा भूवेष्टित प्रदेश अधिक उपयुक्त आहे. वर्ध्यापासून मुंबई लोहमार्गाने सुमारे ७६० किलोमीटर दूर आहे. येथे समुद्र आयता मिळत नाही. त्याचा प्रत्येक घटक विचारपूर्वक जुळवावा लागतो. त्यामुळे कोणती अडचण शास्त्राने दूर केली आणि कोणती अद्याप उरली आहे, हे येथे स्पष्टपणे दिसते.

या इतिहासाच्या आरंभी ॲना थिन या इंग्रज महिलेचे नाव येते. १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून तिने काही प्रवाळ लंडनला आणले आणि ते एका मोठ्या स्पंजाला सुईदोऱ्याने टाचून काचपात्रात ठेवले. समुद्राचे पाणी वारंवार आणणे शक्य नसल्याने तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतून त्यात हवा मिसळली जाई, आणि हे कष्ट घरातील मोलकरणीच्या वाट्याला येत. पुढल्या वर्षी पात्रात समुद्रशैवलांची भर घालण्यात आली. तेथे प्रवाळ जगले आणि वाढले. तथापि या यशाचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. थिन यांचे प्रवाळ थंड पाण्यातील, एकएकटे राहणारे, भित्ती न बांधणारे होते. त्यांना उष्ण कटिबंधातील प्रवाळांप्रमाणे प्रखर प्रकाशाची गरज नव्हती. प्रश्नाचा अर्धा भाग अशा रीतीने निसर्गानेच आधी सोडविलेला होता.

१८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने मासे, जलवनस्पती व गोगलगाई यांचा परस्परावलंबी समतोल काचपात्रात राखता येतो, असे प्रयोगाने दाखविले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. पाठोपाठ १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याने कृत्रिम सागरजलाची कृती प्रसिद्ध केली. साधे मीठ, मॅग्नेशियमची दोन लवणे आणि पोटॅशियमचे एक लवण एवढ्यांवर त्याने काम भागविले; चुन्याची लवणे अल्प प्रमाणाचे कारण देऊन वगळली. समुद्रफुलांना हे पाणी पुरले. परंतु ज्या प्राण्याचे शरीरच चुन्याच्या सांगाड्यावर उभे राहते त्याला ते पुरणे शक्य नव्हते. प्रवाळाच्या दृष्टीने नेमकी आवश्यक वस्तूच पहिल्या कृतीतून गळून पडली होती.

ही उणीव दूर होण्यास समुद्राचे अधिक व्यापक ज्ञान आवश्यक होते. १८७२ ते १८७६ या काळातील चॅलेंजर जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या ७७ नमुन्यांचे विल्यम डिटमारने पृथक्करण केले. त्याचे निष्कर्ष १८८४ साली प्रसिद्ध झाले. महासागराची क्षारता कमीअधिक झाली तरी तिच्यातील प्रमुख लवणांचे परस्परप्रमाण जवळजवळ स्थिर असते, हे त्यांतून सिद्ध झाले. लवणांचे हे प्रमाण एकदा कळल्यावर सागरजल कोठेही तयार करता येते. समुद्रकाठ ही अपरिहार्य अट उरत नाही.

या सिद्धांताचे महत्त्व विदर्भातील वाचकास दोन परिचित उदाहरणांवरून पटेल. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, आणि बुलढाणा जिल्ह्यातच लोणारचे सरोवर आहे. दोन्ही ठिकाणचे पाणी खारे. परंतु ते सागरजल नव्हे. लोणारच्या पाण्यात सोड्याचे कार्बोनेट विपुल असून त्याचा सामू सुमारे १० आहे. समुद्राचा सामू ८ हून किंचित अधिक असतो, आणि त्याच्या एका लिटरमध्ये कॅल्शियम सुमारे ४०० व मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम असते. प्रवाळाला खारटपणा हवा असतो हे खरे. पण त्याहून अधिक हे प्रमाण हवे असते.

दुसरा प्रश्न मलाचा होता. बंदिस्त पाण्यात प्राण्यांनी टाकलेला अमोनिया साचतो आणि तो विषारी ठरतो. याचे उत्तर जलालयातून न येता शेतातून आले, ही या इतिहासातील लक्षणीय घटना होय. वर उल्लेखिलेल्या वॉरिंग्टन यांच्या त्याच नावाच्या पुत्राने रोथॅमस्टेडच्या कृषिसंशोधन केंद्रात मातीतील नत्रीकरणाचा अभ्यास केला आणि ही क्रिया दोन टप्प्यांत होते असे दाखविले. सेर्गेई विनोग्रादस्की याने १८९० च्या सुमारास ती घडविणारे जीवाणू वेगळे केले. पित्याला जो समतोल वनस्पतींत दिसला होता त्याचा अदृश्य अर्धा भाग पुत्राने मातीत शोधला. वर्ध्याच्या कपाशीच्या शेतात अमोनियाचे नायट्रेट करणारी जी क्रिया चालते, तीच क्रिया जलालयातील सच्छिद्र दगडावर चालावी लागते.

तिसरा प्रश्न प्रकाशाचा. भित्तीकारक प्रवाळांच्या पेशींत एकपेशीय शैवले राहतात, हे पूर्वीच ज्ञात होते. त्यांचे कार्य मात्र वादग्रस्त होते. सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली १९२८–२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या महाप्रवाळभित्तीवर गेलेल्या मंडळाने शैवलांच्या अन्नदानाला फारसे महत्त्व दिले नाही. १९५८ साली मस्कटाइन व हँड यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून शैवलाने तयार केलेले द्रव्य समुद्रफुलाच्या शरीरात जाते असे दाखविले. १९५९ मध्ये गोरो यांनी प्रकाशात प्रवाळांचे चुना साठविण्याचे कार्य वाढते, हे सिद्ध केले. दिवा हे जलालयाचे केवळ भूषण नसून प्रवाळाच्या अन्नाचा आधार आहे, हे यानंतर निर्विवाद झाले. १९६१ साली जाकार्ताचे ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवंत दगड, सूर्यप्रकाश व हवेचे बुडबुडे यांवर आधारलेली आपली पद्धती प्रसिद्ध केली. १९८० मध्ये वॉल्टर एडी यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत बंदिस्त प्रवाळभित्ती उभी केली. यानंतर घरगुती प्रयत्नांना शास्त्रीय पाया लाभला.

भारतात मात्र जलालयाचा विकास किनाऱ्यालाच चिकटून झाला. मद्रासचे मत्स्यालय १९०९ साली समुद्रकाठी उघडले. मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले, तेही मरीन ड्राइव्हवर. या संस्थांनी लोकशिक्षण केले. अंतराचा प्रश्न मात्र त्यांना पडलाच नाही. तो प्रश्न वर्ध्यासारख्या ठिकाणी नियोजन करू लागताच उभा राहतो.

२ मीटर लांब, १ मीटर रुंद व पाऊण मीटर खोल पाणी असलेले जलालय कल्पिले तर त्यात १५०० लिटर पाणी मावते. सागरजलाचे वजनच दीड टनाहून अधिक भरते. काच, चौकट व दगड धरून भार दोन टनांवर जातो, म्हणजे दर चौरस मीटरला १००० किलोग्रॅमहून अधिक. निवासी मजल्याची रचना सामान्यतः दर चौरस मीटरला २०० किलोग्रॅम वापरभार धरून केलेली असते. म्हणून जागा तळमजल्यावरच हवी. शिवाय वर्ध्याची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओट्याचा पाया ती खणून खालच्या मुरुमापर्यंत नेला नाही तर चौकट तिरकी होऊन काच तडकेल. पाण्यासाठी सुमारे ५४ किलोग्रॅम लवणमिश्रण लागेल. बेसाल्टातील विहिरीचे पाणी जड असते. त्यापेक्षा पावसाचे पाणी श्रेयस्कर. वार्षिक पाऊस १००० मिलिमीटरच्या आसपास असल्याने १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाकाठी सुमारे एक लाख लिटर पाणी पडते.

खरी परीक्षा वैशाखात होते. भित्तीकारक प्रवाळ साधारण २४ ते २८ अंश सेल्सियस तापमानात सुखाने राहतात. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पृष्ठभागावरून रोज ५ मिलिमीटर पाणी उडाले तरी १० लिटरची घट होते आणि भर न घातल्यास पंधरवड्यात क्षारता दर किलोग्रॅमला ३५ ग्रॅमवरून ३९ ग्रॅमच्या जवळ पोहोचते. लवण मागे उरत असल्याने भर गोड्या पाण्याचीच घालावी लागते. वीज गेल्यास शीतन व प्रवाह दोन्ही थांबतात आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. यास्तव पर्यायी विजेची सोय मूळ आराखड्यातच असावी लागते. या सर्व अडचणी खर्चाच्या व दक्षतेच्या आहेत, अशक्यतेच्या नाहीत. अंतराचा जुना प्रश्न तत्त्वतः सुटला आहे.

उरतो तो प्राण्याचाच प्रश्न. पाणी रचता येते, दगड घडविता येतो, जीवाणू वाढविता येतात. प्रवाळ मात्र कोठून तरी आणावा लागतो. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी व बांधकामासाठी प्रवाळ दीर्घकाळ खणले गेले. १९९८ सालच्या सागरी उष्म्याने भारतीय प्रवाळभित्ती मोठ्या प्रमाणावर पांढऱ्या पडल्या. २००१ मध्ये भित्तीकारक प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते वाघाच्या पंक्तीस बसले. २०२० साली मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी वरळी व हाजी अली येथील प्रवाळ हलवितानाही परवानगी घ्यावी लागली. मग घराच्या शोभेसाठी मालवणच्या खडकावरील प्रवाळ काढून आणण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

यावरून गृहजलालयाचा विचारच त्याज्य ठरतो असे नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विदूषक माशांची पैदास बंदिस्त स्थितीत करण्याचे तंत्र सिद्ध केले आहे. घडविलेला दगड, त्यावरील जीवाणू आणि असे मासे यांचे जलालय वर्ध्यात उभे राहू शकते. विद्यार्थ्यांस क्षारता, नत्रीकरण व उष्णता यांचे धडे त्यातूनही मिळतील. त्यात प्रवाळाची जागा रिकामी राहील. ती रिकामी जागाच या इतिहासाचे सर्वांत महत्त्वाचे फलित होय. थिन यांच्या काळी प्रवाळ विपुल होते आणि ते जगविण्याचे ज्ञान नव्हते. आज ते ज्ञान समुद्रापासून ७६० किलोमीटरवरही उपलब्ध आहे, आणि प्रवाळ स्वतःच्या समुद्रातच जगतील की नाही याची शाश्वती राहिलेली नाही.