इंजिनाचा सांडवा

धरण बांधणारा अभियंता भिंतीइतकीच काळजी सांडव्याची घेतो. जलाशय भरला म्हणजे अधिकाचे पाणी वाट काढणारच. ती आधी दिली नाही तर ते भिंत फोडून घेते. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, ती म्हणजे मोटारीच्या इंजिनातील असाच एक सांडवा होय. त्याचे नाव वेस्टगेट, म्हणजे वाया घालविण्याचे दार. या दाराने जे वाया घालविले त्यामुळेच बाकीचे उपयोगी पडले, एवढे एकच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

इंजिनात हवा जितकी अधिक, तितके इंधन अधिक जाळता येते आणि तितकी शक्तीही अधिक मिळते. परंतु जळालेल्या वायूंतील बरीच ऊर्जा धुराच्या नळीवाटे फुकट जाते. त्या वायूंवर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली पेटंटात मांडली. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने असे यंत्र विमानाच्या लिबर्टी इंजिनास जोडून ते पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या शिखरावर चढविले. तेथील विरळ हवेत २३० अश्वशक्तीपर्यंत उतरलेले इंजिन ३५० च्या वर गेले. शक्ती कशी मिळवावी, हा प्रश्न तेथे सुटला. ती आवरावी कशी, हा प्रश्न मात्र राहिला.

कारण या यंत्राचा हिशेब सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखा आहे. चक्र जोरात फिरले की हवा अधिक, हवा अधिक की इंधन अधिक, इंधन अधिक की जळालेले वायू अधिक, आणि वायू अधिक की चक्र आणखी जोरात! दाब फार वाढला म्हणजे पेट्रोल आणि हवेचे मिश्रण नीट जळण्याऐवजी सिलिंडरमध्ये आपोआप स्फोट पावते. कारागीर यालाच 'नॉकिंग' म्हणतात. ते चालूच राहिले तर पिस्टनला भोक पडते. दुसऱ्या महायुद्धातील बी-१७ या बाँबफेकी विमानाच्या चारही इंजिनांना टर्बो होते आणि प्रत्येकाला वेस्टगेट होते. ते आरंभी तेलाच्या दाबावर चालत असे, आणि उंचावरील थंडीत तेल घट्ट झाले की ते मंदावे. पुढे विजेवर चालणारे नियंत्रण आले आणि वैमानिकाच्या हाती चारही इंजिनांसाठी एकच खुंटी राहिली.

मोटारींत टर्बो आला तो १९६२ साली, अमेरिकेत, आणि एकदम दोन गाड्यांतून. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेर स्पायडरला वेस्टगेट नव्हतेच. धुराची वाट मुळातच चिंचोळी ठेवून दाब रोखला होता. ओल्ड्समोबिलच्या जेटफायरला वेस्टगेट होते. ते दाब दर चौरस इंचास सुमारे ५ पौंडांवर धरी. तरी तेवढ्याने भागले नाही. या इंजिनात मिश्रण मुळातच फार दाबले जाई. म्हणून नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारावे लागे. मालक टाकी भरावयास विसरत. टाकी रिकामी झाली की सुरक्षेसाठी दाब आपोआप उतरे आणि हौसेने घेतलेली गाडी साधी होऊन बसे. १९६३ नंतर ती बंद झाली. वेस्टगेटला दाब कळत होता. इंजिनाला तो सोसतो की नाही, हे कळत नव्हते.

मोठ्या टर्बोचा आणखी एक दोष असा की, पाय दाबला तरी चक्राला वेग येईपर्यंत गाडी जागची हलत नाही. स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ साली '९९ टर्बो' आणली तेव्हा हा विचारच उलटा केला. चक्र लहान घेतले. ते थोड्या वायूनेही लवकर फिरते. अर्थात पुढे वायू वाढले की ते अतोनात फिरणार. तेथे वेस्टगेट कामास आले. अधिकाचे सांडून देण्याची सोय होती म्हणूनच थोडक्यात काम करणारे चक्र घेता आले. दोन लिटरच्या त्या इंजिनाने १४५ अश्वशक्ती दिली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कुकरची शिट्टी कोंडलेली वाफच सोडते. वेस्टगेट मात्र दाबलेल्या हवेला हात लावीत नाही. पाणचक्कीकडे येणारा पाट थोडा फोडून पाणी चाकाच्या बाजूने सोडावे, तसे ते जळालेले वायू चक्राला वळसा घालून बाहेर काढते. यासाठी एका डबीत रबरी पडदा आणि स्प्रिंग असते. दाबलेल्या हवेची एक बारीक नळी त्या डबीत येते. हवेचा दाब स्प्रिंगला भारी झाला की पडदा सरकतो, त्याला जोडलेली दांडी झडप उघडते आणि चक्राचा वेग आवरतो. दाब स्वतःच स्वतःला लगाम घालतो.

जेटफायरचे कोडेही साबनेच सोडविले. इंजिनाला एक संवेदक बसवून नॉकिंगची चाहूल लागताच वेस्टगेट अधिक उघडावे, अशी व्यवस्था १९८२ पासून तिच्या गाड्यांत आली. मग पेट्रोल हलके मिळाले तरी इंजिन आपला दाब आपणच उतरवू लागले.

आज लहान इंजिनांच्या कितीतरी गाड्यांत टर्बो असतो आणि पुष्कळ ठिकाणी झडप विजेच्या मोटरने हलते. जेथे जुनी डबी आहे तेथे मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती बारीक नळी फाटली किंवा निसटली तर डबीला दाब कळत नाही आणि झडप मिटलेलीच राहते. गाडी अचानक जोरात पळू लागते, आणि चालवणाऱ्यास वाटते, इंजिन काय सुधारले! अधिक ओढीच्या मोहाने काहीजण मुद्दाम दांडी आखडून घेतात, तेव्हाही तेच घडते. सांडवा बुजवला म्हणजे जलाशयात पाणी अधिक साठते, हे खरेच आहे. पण धरणाखाली राहणाऱ्याने त्याचा आनंद मानू नये.