दालचिनीच्या पानाचे तेल : एक कुळकथा

सिंहलद्वीपाच्या नैर्ऋत्येकडील पर्जन्यवनांत आपोआप वाढणाऱ्या दालचिनीच्या वृक्षाचा इतिहास हा बहुतांशी त्याच्या सालीचाच इतिहास आहे. कारण या सालीसाठीच पोर्तुगीजांनी तेथे किल्ले बांधले, १६५८ साली डचांनी त्यांना बेटाबाहेर घालवून सालीचा मक्ता आपल्या कंपनीकडे घेतला व चोरट्या विक्रीस देहान्तापर्यंतचे शासन ठरविले, आणि १७९६ साली इंग्रजांचा अंमल बसल्यावरही ही मक्तेदारी १८३३ पर्यंत टिकली.

या साऱ्या व्यवहारात पान दुय्यमच राहिले. सलागम जातीचे कारागीर कोवळ्या फांद्या छाटून साल सोलीत, आणि मागे पानांचे व डहाळ्यांचे ढीग उरत. हा पाला दोनतीन दिवस सुकवून भट्टीत भरला व त्यातून वाफ सोडली, म्हणजे थंड झालेल्या वाफेबरोबर पिवळसर तपकिरी तेल उतरते. पण बहुतेक सुगंधी तेले पाण्यावर तरंगतात, तसे हे तरंगत नाही, ते पात्राच्या तळाशी बसते. या जडपणाचे कारण युजेनॉल. लवंगेला तिचा गंध देणारे हेच द्रव्य या तेलाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग व्यापते.

सालीच्या तेलात मात्र सिनॅमाल्डिहाइड प्रधान असते, जे ड्युमा व पेलिगो या फ्रेंच रसायनज्ञांनी १८३४ साली वेगळे केले. आणि मुळांच्या सालीत मुख्यत्वे कापूर आढळतो. साल व पान ही दोन्ही फेनिलअॅलनीन या एकाच अमिनो आम्लापासून आरंभ करतात, परंतु पुढे त्यांची वितंचके निराळी असल्याने वाटा फुटतात. मुळातील कापूर तर टर्पीनांच्या सर्वस्वी भिन्न कुळातला. एकाच वृक्षात तीन गंध नांदतात ते असे.

पानाच्या तेलातील युजेनॉलची ओळख पटल्यावर पानाचे दैव पालटले. दंतवैद्य जस्ताच्या भस्मात युजेनॉल कालवून दाढ भरू लागले, आणि क्षाराच्या साहाय्याने त्याचे रूपांतर करून पुढे ऑक्सिडीकरणाने व्हॅनिलिन बनविण्याचा उद्योगही उभा राहिला.

सालीचे तेल कितीतरी महाग असल्यामुळे त्यात पानाचे तेल मिसळण्याची लबाडी व्यापारात चालते. पण युजेनॉलचे प्रमाण मोजताच ती उघडकीस येते. पानाला सालीची स्वस्त प्रत समजणाऱ्या बाजारास रसायनशास्त्राने दिलेला हा निवाडा आहे : पान सालीचे गरीब भावंड नव्हे, त्याचा माल वेगळा आणि गिऱ्हाईकही वेगळे.