नदी, डोंगर आणि राज्य : मगध व वज्जी यांचा इतिहास

शाळेत आम्हाला जो इतिहास शिकवला तो राजांच्या नावांचा. कोण कोणाचा मुलगा आणि कोणी कोणाला मारले. पण तो राजा बसला होता कुठे, त्याच्या पाठीशी डोंगर होता की दाराशी नदी, हे कोणी सांगितले नाही. आम्ही गिरणी कामगार माणसे. पाळी सुटल्यावर जे वाचले आणि जाणत्यांकडून जे ऐकले, त्यावरून एवढे कळले की जमीन समजल्याशिवाय लढाई समजत नाही.

तथागतांच्या काळाचेच उदाहरण घेऊ. अडीच हजार वर्षांपूर्वी सोळा महाजनपदे होती, अशी नोंद अंगुत्तर निकायात आहे. त्यात कोसल, वत्स, अवंती आणि मगध ही चार राज्ये बलाढ्य. शेवटी सगळ्यांना पुरून उरले ते मगध. मग काय, मगधाचे राजे तेवढे शूर आणि बाकीचे नेभळट होते? तसे काही नाही.

बंधू-भगिनींनो, बिहारचा नकाशा पुढ्यात घ्या. गंगेच्या दक्षिणेचा पाटणा-गया हा भाग म्हणजे मगध. उत्तरेला गंगा, पश्चिमेला शोण नदी. राजधानी राजगृह पाच डोंगरांच्या मधोमध. डोंगरमाथ्यावरून दगडी तट होता, चुना न वापरता धोंड्यावर धोंडा रचलेला, लांबी सुमारे ४० किलोमीटर. त्याचे अवशेष राजगीरला आजही दिसतात. खाली गाळाची जमीन, भाताचे भरघोस पीक. पीक चांगले म्हणजे सारा चांगला, आणि सारा चांगला म्हणजे सैन्य पोसता येते. दक्षिणेला छोटा नागपूरचे जंगल. तिथे हत्ती, लाकूड आणि लोखंड. धातूंच्या खाणी मगधाच्या हाताशी होत्या, ही गोष्ट दा. ध. कोसंबी यांनी ठासून मांडली. पाली ग्रंथांतला बुद्ध मराठी घरात आणणाऱ्या धर्मानंद कोसंबींचे ते चिरंजीव. लोखंडाला एवढे महत्त्व देऊ नये, असे म्हणणारेही इतिहासकार आहेत. पण जागेचा फायदा मगधाला झाला, हे कोणी नाकारत नाही.

बिंबिसाराने पूर्वेचा अंग देश घेतला. त्याबरोबर चंपा हे गंगेवरचे बंदर हातात आले. त्याचा मुलगा अजातशत्रू बापाला मारून गादीवर बसला आणि त्याची नजर गेली गंगेच्या पलीकडे.

पलीकडे वज्जींचे गणराज्य. राजधानी वैशाली. तिथे एका राजाचा हुकूम चालत नसे. लिच्छवी आणि इतर कुळांचे लोक सभेत जमून कारभार करीत. मुलूख सपाट, राजगृहासारखा डोंगरांचा आडोसा नाही. त्यांचा खंदक म्हणजे गंगा. ही गंगा केवढी? पाटणा आणि हाजीपूर यांना जोडणारा गांधी सेतू १९८२ साली झाला, तो पावणेसहा किलोमीटरच्या आसपास लांब आहे. असे पात्र ओलांडून सैन्य नेणे सोपे नव्हते. आणि भांडणाचे कारणही नदीकाठचेच. गंगेवरच्या एका बंदरावर दोघांचा हक्क होता आणि तिथे येणाऱ्या मौल्यवान मालावरून तंटा पेटला, असे अट्ठकथेत सांगितले आहे. थोडक्यात, भांडण नाक्याचे होते.

महापरिनिब्बान सुत्ताची सुरुवात याच प्रसंगाने होते. अजातशत्रूने आपला मंत्री वस्सकार गृध्रकूट डोंगरावर भगवंतांकडे पाठवला. भगवंतांनी वस्सकाराला थेट उत्तर दिले नाही. आनंदाला सात प्रश्न विचारले. वज्जी वरचेवर सभा भरवतात काय? एकीने जमतात, एकीने उठतात काय? वडीलधाऱ्यांचा मान राखतात काय? स्त्रियांवर जबरदस्ती करीत नाहीत ना? असे सात. हे जोवर पाळले जाते तोवर वज्जींची वाढच होईल, असा निर्वाळा त्यांनी दिला. वस्सकार चतुर माणूस. तो म्हणाला, मग लढाईने हे हरणार नाहीत. त्यांना गोड बोलून फितवावे लागेल किंवा त्यांच्यात फूट पाडावी लागेल. फुटीसाठी पालीत शब्द आहे, मिथुभेद.

मगधाने दोन्ही कामे हाती घेतली. गंगेच्या दक्षिण काठावर पाटलीग्राम या खेड्यात किल्ला बांधायला घेतला. जागा अशी की पश्चिमेकडून गंगा येते, दक्षिणेकडून शोण मिळत असे आणि समोरच्या काठाला गंडक मिळते. ज्याचा किल्ला तिथे, त्याच्या डोळ्यांखालून प्रत्येक नाव जाणार. दुसरे काम वस्सकाराने वैशालीत राहून केले. अट्ठकथा सांगते की राजाशी भांडल्याचे सोंग करून तो तिकडे गेला आणि तीन वर्षे एकाचे दुसऱ्याला सांगत राहिला. शेवटी सभेचा नगारा वाजला तेव्हा कोणीच आले नाही. नदी होती तिथेच होती, पण काठावर उभे राहायला माणसे एकत्र नव्हती.

पुढे पाटलीग्रामचे पाटलीपुत्र झाले, सम्राट अशोकाची राजधानी झाली. मेगॅस्थिनीसने त्या नगराला ६४ दरवाजे आणि ५७० बुरूज असल्याचे लिहिले. पण पायाभरणी चालू असतानाच भगवंतांनी सांगून ठेवले होते की या नगराला तीन भये राहतील, आग, पाणी आणि मिथुभेद. पाण्याचे भय पाटण्याने १९७५ च्या महापुरात पाहिले. आणि तिसरे भय म्हणजे वैशाली बुडवणाराच शब्द! जिंकणाऱ्यालाही तोच इशारा होता.

परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हेच धोक्याचे ठिकाण दाखवले. सभेचे नियम, ठराव, मतमोजणी हे सर्व भिक्षुसंघाला ठाऊक होते आणि तथागतांनी ते त्या काळच्या राजकीय सभांवरून घेतले असावे, असे ते म्हणाले. आणि या देशाने स्वातंत्र्य गमावले ते आपल्याच काही माणसांच्या फितुरीने, असेही बजावले. पर्वत उत्तरेला आणि समुद्र तीन बाजूंना असून ते घडले होते.

डोंगर आणि नद्या कोणाच्या वाट्याला काय येतील, ते कोणाच्या हाती नसते. सभेला येणे मात्र आपल्या हाती असते. विहाराच्या फळ्यावर बैठकीची सूचना लागते तेव्हा वस्तीतल्या प्रत्येक घराने वैशालीचा तो नगारा आठवावा. किती जण येतात यावर वस्तीचे बळ ठरते.

जय भीम! नमो बुद्धाय!