ऑक्टेनचा आकडा आणि एंजिनाचे बळ

जुन्या मोटारींचा षोक असणाऱ्यांत एक समजूत दृढ झालेली आढळते. पेट्रोलच्या ऑक्टेनचा आकडा जितका मोठा, तितकी गाडीची धाव अधिक, ही ती समजूत. त्यातून एंजिनावर कसबी मिस्त्रीचा हात फिरून त्याची शक्ती वाढविलेली असली, म्हणजे तर महाग पेट्रोल हा त्या एंजिनाचा हक्कच मानला जातो. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. पण सर्वस्वी खरीही नाही. तिच्यातील खरे किती आणि खोटे किती, याचा निवाडा गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासाने करून ठेविला आहे, आणि त्यासाठी मनुष्यजातीकडून मोठी किंमतही वसूल केली आहे.

पेट्रोल एंजिनाचे तत्त्व साधे आहे. हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरात शिरते, दट्ट्या ते दाबतो, ठिणगी पडते आणि पसरत जाणारी ज्वाला दट्ट्याला खाली लोटते. मिश्रण जितके अधिक दाबावे, तितके त्याच इंधनातून अधिक काम मिळते. मग दाब हवा तेवढा का वाढवू नये? कारण दाबाबरोबर उष्णता वाढते, आणि एका मर्यादेपलीकडे ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप एकदम पेट घेते. हा स्फोट एंजिनातून हातोडीच्या ठोक्यासारखा ऐकू येतो. असे ठोके चालू राहिले, तर दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

केंब्रिज येथे प्रा. बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी या ठोक्याचा अभ्यास केला. त्यांचे शिष्य हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर, दाब कमीअधिक करता येईल असे एक प्रायोगिक एंजिन बांधले आणि निरनिराळ्या पेट्रोलांचा कस त्यावर लावून पाहिला. एंजिनाच्या शक्तीला मोठी आडकाठी इंधनाचीच आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले. जगभर खपलेली फोर्डची मॉडेल टी मोटार मिश्रण जेमतेम चौपट दाबत असे, ते त्या काळच्या पेट्रोलला धरूनच होते.

याच सुमारास अमेरिकेत डेटन येथे, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत, चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली थॉमस मिजली हे ठोक्यावर औषध शोधीत होते. अनेक द्रव्ये चाचपून पाहिल्यावर 9 डिसेंबर 1921 रोजी त्यांना शिशाचे एक संयुग सापडले. त्याचे नाव टेट्राएथिल लेड. अत्यल्प प्रमाणात मिसळले असताही ते ठोका थांबवीत असे. पुढे 1926 साली ग्रॅहम एडगर यांनी पेट्रोल मोजण्याचे माप सुचविले. मुळीच न ठोकणाऱ्या आयसोऑक्टेनला 100 गुण आणि सहज ठोकणाऱ्या हेप्टेनला शून्य. नव्वद भाग आयसोऑक्टेन व दहा भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेच जे पेट्रोल टिकते, त्याचा आकडा 90. म्हणजे हा आकडा इंधनाची सहनशीलता सांगतो. त्यात उष्णता किती साठविलेली आहे, हे तो सांगत नाही.

या फरकाची खरी परीक्षा 1940 साली इंग्लंडच्या आकाशात झाली. स्पिटफायर आणि हरिकेन या विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन एंजिन असे. 87 ऑक्टेनच्या पेट्रोलवर त्यात दर चौरस इंचास 6.25 पौंड इतक्या जादा दाबाने हवा कोंबता येई, आणि सुमारे 1,030 अश्वशक्ती मिळे. 100 ऑक्टेनचे पेट्रोल हाती येताच तो दाब 12 पौंडांवर नेता आला आणि कमी उंचीवर 1,310 अश्वशक्ती मिळू लागली. परंतु केवळ टाकीतले पेट्रोल बदलून हे घडले नाही. त्यासाठी दाबाच्या नियंत्रकात फेरफार करावा लागला. शिवाय सोळा हजार फुटांच्या वर हवाच विरळ असल्यामुळे जादा दाब निर्माण होत नसे. तेथे तेच उंची पेट्रोल काहीही अधिक देत नसे.

मोटारींचा अनुभवही हाच. युद्धानंतर ब्रिटनमध्ये काही वर्षे एकाच हलक्या प्रतीचे सरकारी पेट्रोल मिळत असे. 1948 साली पुढे आलेली जॅग्वार एक्सके 120 ही गाडी म्हणूनच दोन प्रकारच्या दट्ट्यांसह देऊ केली गेली : आठपट दाबणारे आणि त्या हलक्या पेट्रोलसाठी सातपट दाबणारे. आठपटीच्या एंजिनाची शक्ती 160 अश्वशक्ती होती; सातपटीच्या एंजिनाची सुमारे दहाने कमी. 1953 साली चांगले पेट्रोल पुन्हा विक्रीस आले, तेव्हा त्याचा पुरा लाभ आठपटीच्या एंजिनालाच होणे शक्य होते. सातपटीच्या एंजिनाला ते घालणे म्हणजे खर्चाची भर.

या प्रगतीची किंमत मात्र भयंकर होती. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात शिशाच्या या विषाने पाच कामगार दगावले. मिजली यांना स्वतःलाही शिशाची बाधा झाली होती. तरीही त्याची विक्री वाढतच गेली. 1965 साली क्लेअर पॅटरसन यांनी माणसाच्या शरीरातील शिशाचे प्रमाण नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट झाले असल्याचे दाखवून दिले. मुलांच्या बुद्धीवर त्याचा घाला पडतो, हेही पुढे सिद्ध झाले. भारतात 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तेथे ते जुलै 2021 मध्ये थांबले.

शिशाबरोबर जुन्या एंजिनांचा एक आधारही गेला. मऊ ओतीव लोखंडाच्या झडपांच्या बैठकींवर शिशाचा थर बसून त्यांची झीज टळत असे. आज त्यावर उपाय कठीण धातूच्या बैठकी बसविण्याचा. ऑक्टेनचा मोठा आकडा येथे कामास येत नाही. तीच गोष्ट अल्कोहोलमिश्रित पेट्रोलची. त्याने आकडा चढतो, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते मानवेलच असे नाही.

तेव्हा शक्ती वाढविलेल्या जुन्या मोटारीला उंची पेट्रोल लाभते काय, या प्रश्नाचे उत्तर मिस्त्रीने नेमके काय केले, यावर अवलंबून आहे. हेड घासून दाब नऊ-दहा पटींवर नेला असेल आणि ठिणगीची वेळही त्यास अनुरूप बांधली असेल, तर मोठा आकडा ही त्या एंजिनाची गरजच आहे. हलके पेट्रोल त्याचा घात करील. केवळ कार्ब्युरेटर नीट करून नवे प्लग बसविले असतील, आणि भर उन्हाळ्यात घाट चढतानाही ठोका ऐकू येत नसेल, तर वरच्या प्रतीच्या पेट्रोलसाठी दिलेले पैसे वाया गेले असे समजावे.