माउझर पिस्तुलाची कुळकथा

गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत नोकरीस असलेल्या माझ्या मावसभावाचे पत्र आले. पत्र कसले, भ्रमणध्वनीवर पाठविलेला लांबलचक मजकूरच तो; पण विषय मोठा विलक्षण होता. त्याला आयुष्यातील पहिले पिस्तूल घ्यावयाचे होते. तिकडे या गोष्टीचे कोणास फारसे नवल वाटत नाही. नवल एवढेच की, दुकानात मांडलेली हलकी, सुटसुटीत, नवी पिस्तुले सोडून त्याचे मन १८९६ सालच्या घडणीच्या एका जर्मन माउझर पिस्तुलावर जडले होते. ‘तू इतिहास घेऊन बी. ए. झालास, हे घ्यावे की नाही ते तू सांग,’ असा त्याचा प्रश्न.

मी केंद्र सरकारच्या एका कचेरीतील कारकून. टाचणी आणि रबरी शिक्का यांपलीकडे कोणतेही शस्त्र आजवर माझ्या हाती आलेले नाही. तरीही तो प्रश्न मनातून जाईना. कारण ज्या कलकत्त्यात मी बदलीवर येऊन राहिलो आहे, त्या शहराच्या इतिहासात या पिस्तुलाचे एक प्रकरण आहे, आणि त्या प्रकरणाचा नायक एक कारकूनच आहे.

प्रथम या पिस्तुलाचे कुळ पाहू. जर्मनीत नेकार नदीच्या काठी ओबर्नडॉर्फ नावाचे गाव आहे; तेथील माउझर कारखान्यात ते जन्मास आले. कल्पना व रचना कारखान्यात काम करणाऱ्या फीडर्ले बंधूंची. पण १८९५ साली एकस्वाची नोंद झाली ती मालक पाउल माउझर यांच्या नावे. करणाऱ्याचे नाव एक आणि कागदावरचे दुसरे, हा प्रकार कचेरीत आयुष्य काढणाऱ्यांस सांगावयास नको. त्या काळी कमरेचे शस्त्र म्हणजे पाच-सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर, अशीच रूढी होती. माउझरमध्ये चापाच्या पुढे दहा काडतुसांची पेटी होती. धातूच्या पट्टीवर ओवलेली दहाही काडतुसे वरून एकदम आत ढकलावयाची. मग प्रत्येक बाराच्या धक्क्यानेच रिकामे टरफल बाहेर फेकले जाई आणि नवे काडतूस नळीत चढे. गोळी ७·६३ मिलिमीटर व्यासाची, आणि तिचा वेग सेकंदास सुमारे ४३० मीटर. त्या काळच्या पिस्तुलांत हा वेग असामान्यच होता.

त्याच्या गोल मुठीवरून इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्यास ‘झाडूच्या दांड्याचे पिस्तूल’ म्हटले, तर चिनी लोकांनी ‘पेटीतोफ’ असे नाव ठेवले. त्याचे लाकडी म्यान मुठीच्या मागे जोडले की त्याचाच दस्ता होई आणि पिस्तूल बंदुकीप्रमाणे खांद्यास लावता येई. नेम धरण्याच्या पट्टीवर १००० मीटरपर्यंतचे आकडे कोरलेले असत. हा आकडा कारागिराच्या हिशेबापेक्षा विक्रेत्याच्या उत्साहाचा म्हटला पाहिजे. आतील कारागिरी मात्र खरोखर थक्क करणारी आहे. मुठीच्या लाकडी फळ्या बसविणारा एक स्क्रू वगळला, तर बाकीचे सारे भाग एखाद्या कूटप्रश्नाप्रमाणे एकमेकांत गुंतवून बसविलेले आहेत.

सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी एकाची हकीकत मुंबईशी निगडित आहे. १८९६ च्या ऑक्टोबरात एक तरुण इंग्रज लष्करी अधिकारी ससून गोदीच्या पायऱ्यांपाशी होडीतून उतरत होता. त्याने भिंतीतील लोखंडी कडी धरली, इतक्यात लाटेबरोबर होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हा अधिकारी म्हणजे विन्स्टन चर्चिल. तो खांदा पुढे जन्मभर दुबळाच राहिला. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानात ओम्दुर्मानच्या लढाईत घोडदळाची चाल झाली, तेव्हा त्या खांद्यामुळेच त्याने तलवार म्यान करून माउझर हाती घेतले. तलवारीवर विसंबलो असतो तर कदाचित ही कथा सांगावयास उरलो नसतो, अशा अर्थाचे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे. हौसेने नव्हे, शरीरातील उणिवेने केलेली ही निवड होती.

आमच्या क्रांतिकारकांची निवड याहूनही निकडीची होती. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य भारतीयाच्या हाती परवान्यावाचून शस्त्र राहू दिले नव्हते. सावरकरांनी १९०९ साली लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले गुप्तपणे धाडली, आणि त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ही हकीकत मराठी वाचकांस परिचित आहे. बंगाली तरुणांनी पाच वर्षांनी जे केले, त्याची तऱ्हा मात्र निराळी होती. त्यांची पिस्तुले प्रवाशाच्या सामानात लपून आली नाहीत; ती जकातघराच्या दारातून, रीतसर कागदपत्रांनिशी बाहेर पडली.

लाल दिघीच्या जवळच व्हॅन्सिटार्ट रो नावाचा एक लहानसा रस्ता आहे. तेथे रॉडा आणि कंपनी या शस्त्रविक्रेत्यांची वखार होती. परदेशाहून आलेला माल जकातघरातून सोडवून आणण्याचे काम श्रीशचंद्र ऊर्फ हाबू मित्र या कारकुनाकडे होते. २६ ऑगस्ट १९१४ रोजी, बुधवारी, त्यांनी २०२ पेट्या सोडविल्या. पैकी १९२ पेट्या वखारीत पोहोचल्या. ‘राहिलेल्या घेऊन येतो,’ असे सांगून ते निघून गेले. त्या दहा पेट्या एका बैलगाडीत होत्या आणि गाडीवानाच्या वेषात हरिदास दत्त नावाचा क्रांतिकारक बसला होता. गाडी वखारीकडे न वळता मलंगा लेनकडे गेली. पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. तीन दिवस उलटल्यावर पोलिसांत वर्दी गेली.

पुढे १९१८ साली रौलट समितीने आपल्या अहवालात या चोरीचा जो हिशेब मांडला, तो पाहण्यासारखा आहे. पन्नासांपैकी ४४ पिस्तुले जवळजवळ लगेच नऊ निरनिराळ्या क्रांतिकारी गटांत वाटली गेली. त्यानंतरच्या ५४ प्रकरणांत ती वापरली गेली. ३१ पिस्तुले पोलिसांनी परत मिळविली. बाघा जतीन यांच्या अखेरच्या लढतीतही माउझरच होती. ९ सप्टेंबर १९१५ रोजी ओरिसात बालेश्वरजवळ ते आणि त्यांचे चार साथी सशस्त्र पोलिसांशी झुंजले. चित्तप्रिय रायचौधुरी जागीच पडले. जतीन दुसऱ्या दिवशी इस्पितळात वारले. मनोरंजन सेनगुप्त आणि नीरेन दासगुप्त फासावर गेले. या तरुणांपैकी कित्येकांच्या हाती आलेले ते पहिलेच पिस्तूल असेल, आणि शेवटचेही.

सरकारला हा हिशेब मांडता आला याचे कारण साधे होते. प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता आणि रॉडाच्या वहीत त्या क्रमांकांची नोंद होती. कोठे एखादे माउझर सापडले की वही उघडावयाची आणि ते पन्नासांतले आहे की नाही, हे पाहावयाचे.

मावसभावाच्या प्रश्नाचे उत्तर मला या वहीतच सापडले. जुने पिस्तूल घेणारा इतिहास विकत घेत असतो. पण इतिहास लोखंडात नसतो, तो नोंदीत असतो. माउझरच्या सांगाड्यावरचा क्रमांक त्याच्या अनेक लहानमोठ्या भागांवर, कोठे पुरा तर कोठे शेवटच्या दोन आकड्यांनी, कोरलेला असतो, म्यानावरही असतो. हे सारे क्रमांक जुळले तर ते पिस्तूल एका अंगाचे. न जुळले तर चार मेलेल्या पिस्तुलांतून उभे केलेले. १९८० नंतरच्या दशकात चीनमधून पुष्कळ माउझर अमेरिकेत आली. दीर्घ वापराने त्यांच्या नळ्या झिजल्या होत्या. अनेकांची डागडुजी झाली, पुन्हा मुलामा चढला. मुलामा नवा दिसला की नवशिक्या भुलतो, आणि जाणता तेथेच सावध होतो. कारण मुलाम्याआधी घासताना कोरलेली अक्षरेही पुसट होतात.

शिवाय जुने यंत्र शिकाऊ माणसास क्षमा करीत नाही. आतील खिटीस अडविणारा एक लहानसा अडसर असतो; तो जीर्ण होऊन तुटला, तर खिटी मागे उसळून झाडणाऱ्याच्या तोंडावर येण्याचा धोका असतो. रशियन बनावटीचे ७·६२ मिलिमीटरचे काडतूस आकाराने माउझरच्या काडतुसासारखेच असते, पण त्याचा दाब म्हाताऱ्या पिस्तुलास पेलेलच असे नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यासाठी याच घडणीची ९ मिलिमीटरची पिस्तुले केली. घोटाळा होऊ नये म्हणून त्यांच्या मुठीवर तांबडा ९ कोरला. मुठीच्या फळ्या पुढे बदलल्या गेल्या, तर ती खूणही नाहीशी होते. किलोहून अधिक वजनाचे हे धूड हाती घेऊन नेमबाजीचे पहिले धडे गिरवावेत, असे मला तरी वाटत नाही.

कायद्याचा दृष्टिकोनही मनोरंजक आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या मध्यवर्ती कायद्याने १८९८ पर्यंत घडलेले शस्त्र पुराणवस्तू मानले. म्हणजे तेथे निर्णय वर्षावर. तेथील निरनिराळ्या राज्यांचे नियम आणखी वेगळे. आमचा १९५९ चा शस्त्रकायदा कालबाह्य वा पुराणमूल्याच्या शस्त्रास सूट देतो ती ते दुरुस्त करूनही झाडता येण्याजोगे नसेल तरच. आमच्याकडे वय विचारीत नाहीत, प्राण आहे की नाही ते पाहतात. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला अमेरिकन कसोटी आवडते. दोन मुलांचा बाप म्हणून आपली.

मी भावास कळविले: झाडावयास शिकावयाचे असेल तर साधे नवे पिस्तूल घे आणि जाणत्या माणसाजवळ शीक. माउझर हवेच असेल तर क्रमांक जुळणारे, कागदपत्रांसह घे, आणि ते भिंतीवर शोभू दे. दोन आठवड्यांनी त्याने छायाचित्रे पाठविली. सांगाड्यावरचा क्रमांक एक, खिटीवरचा दुसरा, म्यानावर तिसराच. खाली एवढेच लिहिले होते: ‘सोडून दिले.’

त्या दिवशी मधल्या सुटीत मी व्हॅन्सिटार्ट रोपर्यंत चालत गेलो. दररोज आवक आणि जावक यांचा मेळ घालणे हे माझे काम. एखादे पाकीट कमी भरले तरी माझी झोप उडते, कारण त्या नोकरीवर घर चालते. हाबू मित्रांनाही असाच मेळ घालावयाचा होता. २०२ मधून १९२ वजा करून उरलेल्या दहांचा हिशेब त्यांनी जाणूनबुजून अपुरा ठेवला आणि नोकरी, घर, गाव यांवर एका दुपारी पाणी सोडले. ते पोलिसांच्या हाती कधी लागले नाहीत, आणि परतही आले नाहीत. पन्नास पिस्तुलांचे पन्नास क्रमांक वहीत राहिले. ज्याच्या सहीने ती सुटली, त्या कारकुनाच्या नावापुढचा रकाना मात्र कोरा आहे.