बरोबरीचं ओझं

पाचगणीच्या खालाकडे नानीच्या आवाजातल्या जुन्या कॅसेटी होत्या. गेल्या पावसाळ्यात त्या डिजिटल करून घेतल्या. दीड जीबीचं हे रेकॉर्डिंग कुठल्या कंपनीकडे न ठेवता नातेवाइकांनी ब्राउझरमधूनच थेट एकमेकांना द्यायचं ठरलं. सर्व्हर फक्त ओळख करून देण्यापुरता. माझ्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललं. खालाच्या दोन जीबी रॅमच्या फोनवर मात्र पान अर्ध्यातच बंद पडायचं.

ही अडचण जुनीच आहे. १९९९ साली नॅपस्टर आलं. गाणी लोकांच्या संगणकांवर, पण यादी कंपनीच्या सर्व्हरवर. २००१ मध्ये न्यायालयीन आदेशानंतर ती सेवा बंद पडली. त्याआधीच, २००० साली आलेल्या न्यूटेलाने मधली यादी काढून टाकली होती. प्रत्येक संगणक बरोबरीचा. प्रत्येकाने आलेली विचारणा शेजाऱ्यांकडे पुढे पाठवायची. पण मोडेमवरचे संगणक त्या विचारणांखालीच दबले. मग 'अल्ट्रापीअर' आले: ताकदवान संगणकांनी ओझं उचलायचं, दुबळ्यांनी त्यांच्या आडोशाला राहायचं.

२००१ च्या बिटटोरेंटने फाइलचे तुकडे केले. तुकडा तपासायचा आणि डिस्कवर ठेवायचा. २०११ मध्ये गूगलने वेबआरटीसी खुलं केलं आणि पुढे दोन ब्राउझर थेट बोलू लागले. वेबटोरेंट त्यावरच उभं राहिलं. पण वेबपानाला डिस्क मोकळी नसते, म्हणून तुकडे बऱ्याचदा रॅममध्येच साचत.

माझ्या पानातही तेच घडत होतं. मग नियम बदलले. तपासलेला तुकडा ब्राउझरच्या राखीव साठ्यात लिहायचा आणि रॅममधून सोडायचा. पाठवायची रांग तुंबली की थांबायचं. लहान फोनला एकावेळी चारच जोडण्या. जो निघून गेला, त्याच्या नोंदीही पुसायच्या. कारण प्रोग्रामने जे धरून ठेवलंय, ते ब्राउझरचा गार्बेज कलेक्टर उचलत नाही.

सगळ्यांवर सारखं ओझं टाकणं म्हणजे बरोबरी, असं मी समजत होतो. न्यूटेलाने हीच चूक वीसहून अधिक वर्षांपूर्वी केली होती.

त्या रात्री खालाच्या फोनवर रेकॉर्डिंग पूर्ण उतरलं. सकाळी मी लॅपटॉप बंद केला, तरी मुंबईच्या भाच्याला नानीचा आवाज पोहोचत होता. तो पाचगणीहून, खालाच्या फोनवरून जात होता.