वस्ताद निवडण्याचा हक्क

राजगडाच्या पाली दरवाज्याला ते नाव पायथ्याच्या पाली गावावरून मिळालं. शिवकाळात गडावर चढणारा राजमार्ग याच बाजूनं होता. दरवाजा इतका उंच आणि रुंद, की अंबारीसह हत्ती आत जावा. पुढे राजधानी रायगडाला गेली, हा मुलूख भोरच्या पंतसचिवांकडे आला, आणि अलीकडे वेल्हे तालुक्याचं नावही राजगड तालुका झालं. गुंजण मावळातल्या गावांची एक अडचण मात्र फारशी बदललेली नाही. एखादं पोरगं अंगानं भरतं, जत्रेच्या फडात जोडीदारांना अस्मान दाखवू लागतं, आणि मग त्याला पुढचं शिकवणारं गावात कुणी उरत नाही. त्याला खाली उतरावं लागतं. पाबे घाटानं सिंहगड रस्त्याकडे, नाहीतर नसरापूरवरून सातारा रस्त्यानं कात्रजकडे. दोन्ही वाटा पुण्यालाच जातात.

पुण्यात गेल्यावर त्यानं कुठल्या तालमीत राहायचं, हे कोण ठरवतं?

महाराष्ट्राच्या कुस्तीनं या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. ठरवतं ते पोरगं आणि त्याचं घर. बाप किंवा चुलता त्याला घेऊन वस्तादापुढे उभा राहतो. वस्ताद त्याचा बांधा पाहतो, जोर-बैठका मारायला लावतो, आखाडा खणायला सांगतो, आणि मग होकार किंवा नकार देतो. निवड अशी दोन्ही बाजूंनी होते. घरचे लोकही डोळे मिटून पाठवत नाहीत. आपल्या पोराच्या वजनाचे जोडीदार त्या तालमीत किती आहेत? वस्तादाचा हात कुठल्या डावावर बसलेला आहे? पहाटेची मेहनत तो स्वतः उभा राहून करून घेतो की जुन्या पठ्ठ्यांवर सोपवतो? खुराकाचा महिन्याचा खर्च किती, शाळा-कॉलेज जवळ आहे का, आपल्या तालुक्यातलं आणखी कुणी तिथं आहे का? अशी चौकशी गावोगावच्या फडांत, एसटीत, बाजारात चालायची आणि आजही चालते.

या रीतीचा कस पाहायचा तर मोठ्या मल्लांची गावं पाहावीत. १९५९ साली पहिली हिंदकेसरी जिंकणारे श्रीपती खंचनाळे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. एकसंबा तेव्हा म्हैसूर राज्यात होतं, पण त्यांची तालीम कोल्हापूरची शाहूपुरी. १९६०चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. त्यांनी कोल्हापूर गाठलं, आणि पुढे न्यू मोतीबाग तालमीचे वस्ताद म्हणून पिढ्या घडवल्या. हरिश्चंद्र बिराजदार तर लातूरकडच्या रामलिंग मुदगडचे. मराठवाड्यातून ते कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेले, १९७० साली एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले आणि नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत स्वतः वस्ताद झाले. यांतल्या कुणालाही जन्मगावानं किंवा जिल्ह्यानं बांधून ठेवलं नाही. कोल्हापूरला त्यांना ओढून घेतलं ते शाहू महाराजांनी उभ्या केलेल्या वातावरणानं. १९१२ साली बांधून झालेलं खासबाग मैदान, पेठापेठांतल्या तालमी आणि त्यांना मिळणारा राजाश्रय यांमुळे चांगल्या वस्तादाची कीर्ती दूरवर पोचत होती आणि पोरं आपल्या पायांनी तिथं येत होती.

सगळ्यात बोलका दाखला राहुल आवारेचा. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा हा मुलगा पुण्यात बिराजदार मामांकडे आला. २०११मध्ये मामा गेले. मग राहुल काका पवारांकडे गेला. काकाही मूळचे लातूरचे आणि कात्रजच्या परिसरात स्वतःचं कुस्ती संकुल चालवणारे. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचं सुवर्ण राहुलनं जिंकलं आणि ते मामांना अर्पण केलं. पुढच्याच वर्षी नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळालं. वस्ताद हरपल्यावर दुसरा कुठला निवडायचा, हा त्याच्या आयुष्यातला फार नाजूक निर्णय होता. तो त्याचा त्याला घेता आला. ही गोष्ट त्या पदकांइतकीच मोलाची आहे.

याच संकुलाच्या वाट्याला जानेवारी २०२०मध्ये एक वेगळाच प्रसंग आला. महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली, आणि दोघेही काका पवारांचे पठ्ठे होते. बालेवाडीत हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. त्या चित्राचं कौतुक खिलाडूवृत्तीसाठी झालं. त्यात एक व्यवस्थाही दिसते. मल्ल लढतो जिल्ह्याच्या नावानं आणि शिकतो स्वतः निवडलेल्या वस्तादाकडे. कुणासाठी खेळायचं आणि कुणाकडून शिकायचं, हे दोन प्रश्न मराठी कुस्तीनं वेगळे ठेवले. व्यावसायिक लीगनं ते एक केले. जो संघ बोली लावतो त्याचाच प्रशिक्षक, त्याचाच सराव, त्याचाच डॉक्टर. तरुण खेळाडूच्या बाबतीत खरी अडचण इथं आहे.

जुन्या रीतीला सोन्याचा मुलामा देण्याचं मात्र कारण नाही. निवड त्याचीच असायची ज्याच्या घरात दूध, तूप, बदाम परवडत. कोरडवाहू जमिनीवरच्या कुटुंबाला पोराचा खुराक म्हणजे कर्ज. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं, तेव्हा कुठे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आलं. तालीम बदलणंही सोपं नव्हतं. वस्तादाचं मन मोडलं, असा बोल लागायचा आणि पेठेचा राग ओढवायचा. आणि मुलींना तर या निवडीत जागाच नव्हती. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली ती मार्च २०२३मध्ये, पुरुषांच्या स्पर्धेनंतर ६० वर्षांहून अधिक काळानं. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. हक्क होता, पण तो अर्ध्या लोकांचा होता, हे मान्य करूनच त्याची बाजू घ्यायला हवी.

लीगमध्ये खेळाडूंना वाटून घेण्याची पद्धत अमेरिकेतून आली. १९३५मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक बर्ट बेल यांनी मांडलं, की चांगली पोरं श्रीमंत आणि जिंकणाऱ्या संघांकडेच जातात, म्हणून सर्वांत तळाच्या संघाला निवडीची पहिली संधी द्यावी. फेब्रुवारी १९३६मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात नऊ संघांनी मिळून ८१ खेळाडू वाटून घेतले. पहिलं नाव शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचं होतं. तो त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. मागितलेले पैसे मिळाले नाहीत, तेव्हा त्यानं विक्रेत्याची नोकरी धरली. १९८३मध्ये जॉन एलवेनं बाल्टिमोरकडून खेळायला साफ नकार दिला आणि संघाला त्याला डेन्व्हरला द्यावं लागलं. बेल यांच्या विचारात न्याय होता, हे नाकारता येत नाही. दुबळ्या संघांना आधार मिळाला आणि लीग टिकली. पण ती न्यायबुद्धी मालकांमधल्या वाटणीपुरती होती. ज्याची वाटणी होत होती, त्याला त्या खोलीत जागा नव्हती.

भारतात ही पद्धत आयपीएलबरोबर आली. मार्च २००८मध्ये, १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या पोरांची संघांनी पाळीपाळीनं निवड केली. दिल्लीनं वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवानला घेतलं आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळुरूकडे गेला. तो तिथं रमला आणि २०२५ साली तिथंच पहिलं विजेतेपद जिंकला. वाटणीतून चांगलं निघत नाही, असं म्हणता येत नाही ते यामुळेच. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडचंही तसंच झालं. २०१८ अखेरच्या लिलावात चेन्नईनं त्याला २० लाखांच्या मूळ किमतीत घेतलं आणि २०२४मध्ये तो त्याच संघाचा कर्णधार झाला. पण अशा यशाचं श्रेय त्या संघाला आणि त्या मुलाला द्यावं, वाटणीच्या पद्धतीला नाही.

आयपीएलनं मुक्त निवडीचाही प्रयोग केला होता. भारताकडून न खेळलेले देशी खेळाडू काही वर्षं लिलावाबाहेर होते. संघांनी त्यांच्याशी थेट करार करायचा आणि अनुभवानुसार १०, २० किंवा ३० लाख द्यायचे, अशी मर्यादा होती. मर्यादा कागदावर राहिली. पडद्याआडून जास्त पैसे दिले जातात, ही तक्रार वाढत गेली, आणि २०१४पासून या पोरांनाही लिलावात आणलं गेलं. निवडीच्या हक्काविरुद्धचा सर्वांत वजनदार पुरावा हाच आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. मात्र त्यात दोष कृत्रिम मर्यादेचा होता. मोबदल्यावर झाकण ठेवलं की पैसा खालून वाट काढणारच. मोबदला उघड ठेवून निवड मुलाकडे ठेवण्याचा प्रयोग आयपीएलमध्ये अजून कुणी नीट करून पाहिलेला नाही.

मावळातल्या पोराला यातली सर्वांत जवळची लीग कबड्डीची. हुतूतूचे नियम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्रातच बांधले गेले आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं हा खेळ जगाला दाखवला. गावच्या मंडळाकडून खेळायचं, नाव झालं की मुंबईला जायचं आणि महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, रेल्वे किंवा पोलीस यांच्या संघात नोकरीसह शिरायचं, ही कबड्डीची जुनी वाट. तिथंही खेळाडू आपला संघ पगार, घर आणि सोबती पाहून निवडायचा. २०१४मध्ये प्रो कबड्डी आली आणि पहिल्या लिलावातली सर्वांत मोठी बोली होती १२ लाख ८० हजारांची, पाटणा संघाची राकेश कुमारवरची. २०२३मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाखांहून अधिक मोजले. या पैशानं किती घरं वर आली, हे नाकारणं अन्यायाचं होईल.

तरी सिद्धार्थ देसाईची वाट आठवावी. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा हा चढाईपटू २०१८मध्ये यू मुंबाकडून पहिल्याच हंगामात चमकला. पुढच्या वर्षीच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यावर १ कोटी ४५ लाख लावले, त्या वर्षीची ती सर्वांत मोठी रक्कम होती. पैसा वाढला, पण ज्या संघात तो फुलला तो संघ, तिथली जोडी, तिथला सराव सुटला. पुढे दुखापतींनी त्याला गाठलं. एकातून दुसरं घडलं, असं कुणी म्हणू नये. एवढं मात्र खरं, की पुढचा संघ कुठला हे ठरताना त्याला मत विचारलं गेलं नव्हतं. जुन्या संघाला बरोबरीची बोली लावून खेळाडू परत घेण्याचा अधिकार नियमांत आहे. खेळाडूला तसा कुठलाच अधिकार नाही.

याच लीगमध्ये तालमीची जुनी रीतही जिवंत सापडते, आणि ती पुण्यात. पुणेरी पलटणनं तरुणांना शोधून वर्षभर शिकवण्यावर भर दिला. नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार असाच नव्या तरुण खेळाडूंच्या गटातून आला, आणि संघानं त्याला हंगामामागून हंगाम जपलं. मोहित गोयत, आकाश शिंदे हेही त्याच गटातले. मार्च २०२४मध्ये हरियाणा स्टीलर्सला हरवून पलटणनं पहिलं विजेतेपद मिळवलं तेव्हा कर्णधार अस्लम होता. एका वस्तादाखाली, एका जोडीत वाढलेली पोरं किती पुढे जातात, हे त्या संघानं दाखवून दिलं.

म्हणून मागणी मोठी नाही. ज्यांचे लीगमध्ये दोन-चार हंगाम झाले आहेत, त्यांचा लिलाव होऊ द्या. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचा पहिला करार मात्र त्याच्या संमतीनं व्हावा. त्यानं पसंतीचे तीन-चार संघ लेखी द्यावेत, संघांनी त्यांतूनच बोली करावी, मोबदला जाहीर असावा, आणि दोन वर्षांनी त्याला बाहेर पडता यावं. तळाच्या संघांना समतोल हवा असेल तर त्यांनी चांगले प्रशिक्षक नेमावेत आणि वर्षभराचा सराव द्यावा. चौकशी करणारे बाप तिथं आपसूक येतील.

संमतीचं हे कलम आयपीएलच्या नियमांत आधीपासून आहे, फक्त दुसऱ्या टोकाला. २०१०मध्ये २१ वर्षांच्या रवींद्र जडेजावर हंगामभराची बंदी आली, कारण राजस्थानच्या ताब्यात असताना त्यानं दुसऱ्या संघाशी बोलणी केल्याचा ठपका होता. नोव्हेंबर २०२५मध्ये संजू सॅमसनच्या बदल्यात चेन्नईनं त्याच जडेजाला राजस्थानला दिलं. हंगामांमधल्या अशा अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते, आणि छत्तिसाव्या वर्षी ती त्याच्याकडे मागितली गेली.